बाजार, प्रयोगशाळा आणि बंद दप्तर

करोनाचा विषाणू वुहानच्या मासळीबाजारातून पसरला की तिथल्या प्रयोगशाळेतून निसटला, या प्रश्नावर ज्याला मत नाही असा माणूस आपल्याकडे सापडणं अवघड आहे. बहुतेकांचं मत मात्र विषाणूविषयी नसतंच. चीनवर राग असलेला प्रयोगशाळेकडे बोट दाखवतो. ट्रम्प यांच्यावर राग असलेला बाजाराकडे दाखवतो. तज्ज्ञ लोक सामान्यांना गृहीत धरतात असं ज्याला आधीपासून वाटत होतं, त्याला या प्रकरणात आपल्या म्हणण्याला हवा तेवढा दारूगोळा मिळाला आहे. इतकं सगळं आधी ठरलेलं असल्यावर पुरावा वाचायचा तो कशाला?

मला वाटतं, वाचायला हवा. पुराव्याचं वजन आज बाजाराच्या बाजूला झुकलेलं आहे, आणि प्रयोगशाळेच्या बाजूने सर्वांत जोरात मांडला जाणारा मुद्दा, म्हणजे चीनची लपवाछपवी, हा मुळात त्या बाजूचा पुरावाच नाही. पण या निष्कर्षापर्यंत येण्याआधी संशय घेणाऱ्यांचं देणं चुकतं करायला हवं. त्यांना वेडं ठरवण्यात आलं, आणि ते वेडे नव्हते.

या संशयाच्या इतिहासात पुण्याचं नाव आहे. आघारकर संशोधन संस्थेतल्या डॉ. मोनाली रहाळकर आणि बाएफमधले डॉ. राहुल बहुलीकर या दांपत्याने ऑक्टोबर 2020 मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विषय होता चीनच्या युन्नान प्रांतातली मोजियांगची खाण. 2012 मध्ये त्या खाणीत वटवाघळांची विष्ठा साफ करायला उतरलेले सहा मजूर न्यूमोनियासारख्या आजाराने आडवे झाले आणि तिघे दगावले. नंतर वुहान विषाणू संस्थेच्या शी झेंगली यांच्या पथकाने त्या खाणीतून नमुने नेले. 2020 च्या फेब्रुवारीत याच पथकाने जाहीर केलं की करोनाच्या नव्या विषाणूशी 96.2 टक्के जुळणारा ‘आरएटीजी13’ नावाचा वटवाघळातला विषाणू आपल्याकडे आहे. तो ज्या खाणीतला होता तिथे मजूर मेले होते, हे त्या लेखात नव्हतं. तोच विषाणू आधी वेगळ्या नावाने नोंदवलेला होता, हेही नव्हतं. पुण्याचं हे दांपत्य आणि त्यांच्यासारखे जगभर विखुरलेले काही हौशी शोधक चिनी भाषेतले जुने प्रबंध उकरून काढत राहिले. त्यातला कळीचा प्रबंध ‘द सीकर’ या टोपणनावाने वावरणाऱ्या एका भारतीयाने शोधला. अखेर नोव्हेंबर 2020 मध्ये वुहानच्या पथकाला आपल्या मूळ लेखाला पुरवणी जोडावी लागली. हे काम मोठं आहे.

पण त्या कामातून नेमकं सिद्ध काय झालं? संस्थेने माहिती दडवली, एवढं. करोनाच्या विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे तीस हजार अक्षरांचा आहे. त्यात चार टक्के फरक म्हणजे हजाराहून जास्त अक्षरांचा फरक, आणि एवढं अंतर निसर्गात पडायला काही दशकं लागतात. म्हणजे आरएटीजी13 हा लांबचा चुलत भाऊ झाला, बाप नव्हे. पुढे लाओसच्या वटवाघळांमध्ये त्याहून जवळचा, 96.8 टक्के जुळणारा विषाणू सापडला आणि मोजियांगचं महत्त्व आणखी कमी झालं.

संशयाला खतपाणी मात्र शास्त्रज्ञांनीच घातलं. फेब्रुवारी 2020 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये 27 शास्त्रज्ञांचं पत्र छापून आलं. विषाणू नैसर्गिक नाही असं सुचवणाऱ्या कटकारस्थानाच्या कथांचा त्यात निषेध होता. ते पत्र जुळवून आणणारे पीटर डॅझॅक यांची इकोहेल्थ अलायन्स ही संस्था वुहानच्या प्रयोगशाळेसोबत वर्षानुवर्षं काम करत होती, हे त्यात सांगितलेलं नव्हतं. ‘विषाणू प्रयोगशाळेत रचलेला नाही’ असं ‘नेचर मेडिसिन’मध्ये ठामपणे लिहिणाऱ्या लेखकांचे खासगी संदेश पुढे बाहेर आले. त्यांत तेच लेखक चाचरताना दिसले. 2021 मध्ये आणखी एक कागद फुटला. इकोहेल्थने 2018 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन विभागाकडे पैसे मागितले होते, वुहानची संस्थाही त्या प्रस्तावात होती, आणि वटवाघळांच्या करोनाविषाणूंमध्ये ‘फ्युरिन क्लीव्हेज साइट’ (विषाणूला पेशीत शिरायला मदत करणारा भाग) घालून पाहण्याचा विचार त्यात मांडलेला होता. करोनाच्या विषाणूचं नेमकं हेच वैशिष्ट्य आहे. प्रस्ताव नामंजूर झाला होता. तरीही हे वाचून ज्याच्या कपाळावर आठी पडली नाही, त्याने हा विषय सोडून द्यावा.

आता लपवाछपवीकडे येऊ. ‘लपवायचं काही नव्हतं तर लपवलं का?’ हा प्रश्न बिनतोड वाटतो. वुहानच्या संस्थेची नमुन्यांची विदा सप्टेंबर 2019 मध्ये जाळ्यावरून उतरवली गेली आणि ती पुन्हा कुणाला पाहायला मिळाली नाही, हे खरंच आहे. पण त्याच सरकारने बाजाराचं काय केलं तेही पाहा. 1 जानेवारी 2020 ला वुहानचा हा मासळीबाजार, म्हणजे हुआनान बाजार, बंद झाला आणि धुऊन पुसून काढला गेला. तिथे विकली जाणारी जिवंत जनावरं तपासायला कुणी जाण्याआधी नाहीशी झाली. जागतिक आरोग्य संघटनेचं पथक वुहानला जाऊन आलं. चिनी तज्ज्ञांसोबत मार्च 2021 मध्ये त्यांनी जो अहवाल काढला, त्यात बाजारात जिवंत सस्तन प्राणी विकले जात असल्याची खात्रीलायक माहिती नाही असं नमूद होतं. तीन महिन्यांत एक शोधनिबंध आला आणि त्याने हे म्हणणं निकालात काढलं. शियाओ शियाओ नावाचा एक चिनी संशोधक गोचिडांतून पसरणाऱ्या तापाच्या अभ्यासासाठी मे 2017 ते नोव्हेंबर 2019 या काळात दर महिन्याला वुहानच्या बाजारांमधून गाळ्यागाळ्याने फिरत होता आणि कोणतं जनावर किती विकलं जातं ते टिपत होता. त्याच्या नोंदीत 38 जातींचे 47,381 प्राणी आहेत. उदमांजरं आहेत, करोनाची लागण होऊ शकणारे रॅकून डॉग आहेत. त्याच्या वहीतला हा भाग महामारी कुणाच्या मनातही येण्याआधी लिहून झालेला होता, म्हणून मला ती या प्रकरणातल्या सगळ्या अहवालांहून विश्वासार्ह वाटते.

चीनला बाजारही नको आहे आणि प्रयोगशाळाही नको. गोठवलेल्या आयात अन्नातून विषाणू बाहेरून आला, ही तिथली लाडकी मांडणी आहे. त्याचं कारणही उघड आहे. 2003 च्या सार्सच्या वेळी उदमांजरांच्या व्यापाराकडे बोट दाखवलं गेलं होतं आणि तो व्यापार आवरला जाईल असं जगाने धरलं होतं. सोळा वर्षांनी तोच धंदा भर शहरात चालू होता हे कबूल करणं ही लाजिरवाणीच गोष्ट आहे. म्हणजे गुन्हा प्रयोगशाळेचा असता तरी हे सरकार दप्तर बंद करणार, आणि बाजाराचा असता तरी करणार. दोन्ही शक्यतांत जे सारखंच घडलं असतं, त्यावरून दोहोंतली एक निवडता येत नाही. इंग्रजी अमदानीत पेशवे दप्तर अभ्यासकांना दीर्घकाळ बंद होतं. त्यावरून सरकारचा स्वभाव कळत होता. आत काय आहे हे काही कळत नव्हतं.

दप्तर बंद असलं तरी मेलेल्यांचे आणि आजाऱ्यांचे पत्ते उरतात. इथे मला स्वेर्दलोव्स्कची आठवण करून द्यावीशी वाटते, कारण तिथे प्रकरण बरोबर उलटं होतं. एप्रिल 1979 मध्ये सोव्हिएत संघातल्या या शहरात अँथ्रॅक्सने किमान 66 माणसं मेली. रोगट जनावरांचं मांस खाल्ल्याने हे झालं, असं सरकारने सांगितलं. रुग्णालयातली कागदपत्रं केजीबीने उचलून नेली. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेलसन यांना मांसाची कथा त्या वेळी पटण्यासारखी वाटली होती. 1992 मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर ते आपलं पथक घेऊन तिथे पोहोचले. समाजशास्त्रज्ञ जीन गिलेमिन मृतांच्या घरोघरी गेल्या आणि एकच प्रश्न विचारत राहिल्या: तो माणूस त्या आठवड्यात दिवसा कुठे होता? सोमवार, 2 एप्रिलचे ठावठिकाणे नकाशावर मांडले तेव्हा बहुतेक सगळे एका अरुंद पट्ट्यात आले. पट्ट्याचं एक टोक लष्करी प्रयोगशाळेत होतं, आणि पट्टा त्या दिवशीच्या वाऱ्याच्या दिशेने गेला होता. पुढे त्याच रेषेतल्या खेड्यांमध्ये मेंढ्या मेल्या होत्या. फाइना अब्रामोवा आणि लेव्ह ग्रिनबर्ग या विकृतिशास्त्रज्ञांनी शवविच्छेदनातले ऊतींचे नमुने केजीबीच्या नजरेआड जपून ठेवले होते. त्यांत आजाराची सुरुवात फुफ्फुसांच्या बाजूने झालेली दिसत होती. जंतू श्वासातून गेले होते, पोटातून नव्हे.

हीच पद्धत वुहानला लावून पाहिली उत्क्रांती जीवशास्त्रज्ञ मायकल वोरोबी यांनी. हे वोरोबी मुळात ‘बाजारवाले’ नव्हेत. मे 2021 मध्ये 18 शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’मध्ये पत्र लिहून प्रयोगशाळेच्या शक्यतेची नीट चौकशी करा अशी मागणी केली, तेव्हा सही करणाऱ्यांत ते होते. पुढच्या वर्षी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी डिसेंबर 2019 मधल्या 155 रुग्णांची घरं नकाशावर मांडली. ठिपके हुआनान बाजाराभोवती गोळा झाले. यावर आक्षेप तयारच होता: डॉक्टरांनी सुरुवातीला बाजाराशी संबंध असलेलेच रुग्ण शोधले, मग ठिपके तिथेच पडणार. आक्षेप योग्य आहे. त्याचं उत्तर असं की ज्या रुग्णांचा बाजाराशी काहीही संबंध सापडला नाही, त्यांची घरं बाजाराच्या आणखी जवळ निघाली. बाजारात न जाताही ते बाजाराच्या आसपासच्या संसर्गात सापडले. वुहान विषाणू संस्था मात्र यांगत्सेच्या पलीकडे आहे, आणि तिच्याभोवती ठिपके नाहीत.

बाजाराच्या आत गेलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. जमिनीवरून, गाड्यांवरून, गटारांतून घेतलेल्या नमुन्यांत विषाणू जिथे जास्त सापडला, तो बाजाराचा पश्चिमेकडचा भाग, जिथे जिवंत प्राणी विकले जात. ऑस्ट्रेलियातले विषाणूतज्ज्ञ एडवर्ड होम्स 2014 मध्ये याच बाजारात गेले होते आणि पिंजऱ्यातल्या रॅकून डॉगचा त्यांनी फोटो काढला होता, महामारीच्या पाच वर्षं आधी. त्याच भागातल्या एका गाळ्याच्या नमुन्यांत विषाणू मिळाला. या नमुन्यांची मूळ विदा 2023 मध्ये एका आंतरराष्ट्रीय संग्रहावर थोडा काळ दिसली. फ्रान्सच्या फ्लोरेन्स देबार यांच्या नजरेस ती पडली, नंतर ती काढून टाकली गेली. तोवर ती उतरवून घेतलेली होती, आणि त्या गाळ्याच्या नमुन्यांत विषाणूसोबत रॅकून डॉगचा डीएनए होता.

एवढ्याने खटला निकाली निघत नाही. एकाच जागी विषाणू आणि जनावराचा डीएनए सापडला म्हणजे ते जनावर आजारी होतं असं होत नाही. खोकणारा गिऱ्हाईकही तिथे उभा असू शकतो. सार्सच्या वेळी काही महिन्यांत उदमांजरांमध्ये विषाणू सापडला होता, इथे आजतागायत एकही बाधित जनावर सापडलेलं नाही. वुहानच्या रोगनियंत्रण केंद्राची एक वेगळी प्रयोगशाळा डिसेंबर 2019 च्या सुरुवातीलाच बाजारापासून काहीशे मीटरवर हलवली गेली होती, हा योगायोग मलाही बोचतो. विषाणू दोनदा वेगवेगळा माणसांत शिरला, हे सांगणाऱ्या गणितातही पुढे दुरुस्ती करावी लागली आणि त्याचा जोर कमी झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटाने जून 2025 मध्ये म्हटलं की उपलब्ध पुराव्याचं वजन प्राण्यांकडून झालेल्या संसर्गाच्या बाजूने आहे, पण चीनने मागितलेली माहिती न दिल्यामुळे प्रयोगशाळेची शक्यता बाद करता येत नाही. त्याच वर्षी जानेवारीत सीआयएने प्रयोगशाळेच्या बाजूने कौल दिला, आणि सोबत सांगितलं की आपली खात्री कमी आहे. आपल्याकडच्या मथळ्यांत कौल आला, खात्रीचा भाग गळाला.

माझ्या दृष्टीने निर्णायक गोष्ट मात्र नकाशाच्याही आधीची आहे. प्रयोगशाळांतून रोग निसटतात, वारंवार निसटतात. 1977 मध्ये चीन आणि रशियातून पसरलेला एच1एन1 फ्लू जवळजवळ 1950 च्या सुमाराच्या विषाणूसारखाच होता. सत्तावीस वर्षं निसर्गात फिरलेला विषाणू इतका न बदलता राहत नाही. तो कुठल्यातरी शीतपेटीतून किंवा लशीच्या चाचणीतून बाहेर आला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ती खरोखरची जागतिक साथ होती आणि ती माणसाच्या हातून झाली. 1978 मध्ये बर्मिंगहॅमच्या विद्यापीठातून देवी निसटल्या आणि जॅनेट पार्कर ही छायाचित्रकार दगावली. देवीने मेलेली जगातली ती शेवटची व्यक्ती. सार्स आटोक्यात आल्यावर सिंगापूर, तैपेई आणि बीजिंग इथल्या प्रयोगशाळांतून तो पुन्हा बाहेर आला, बीजिंगच्या प्रकरणात तर एका संशोधिकेची आई गेली. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: जे निसटलं ते शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं. 1967 चा मारबर्ग हा अपवाद. तो विषाणू कुणालाच ठाऊक नव्हता, पण तो युगांडाहून आणलेल्या माकडांसोबत प्रयोगशाळेत आला होता. म्हणजे तिथे प्राणीही होते आणि प्रयोगशाळाही. करोनाचा विषाणू किंवा त्याचा सख्खा पूर्वज वुहानच्या संस्थेत होता, असं दाखवणारा एकही कागद, नमुना किंवा साक्षीदार इतक्या वर्षांत पुढे आलेला नाही. असू शकतो. पण ‘असू शकतो’ हा पुरावा नव्हे, आणि पुराव्याचा आग्रह धरणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांच्या भाषेत वाढलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

प्रयोगशाळेवर चुकीचा आळ आला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या मुंबईचं आहे. 30 ऑक्टोबर 1902 ला पंजाबातल्या मुलकोवाल गावात प्लेगची लस टोचलेल्या 107 जणांपैकी 19 जण धनुर्वाताने मेले. एकोणीसही जणांना ‘53 एन’ अशी खूण असलेल्या एकाच बाटलीतली लस मिळाली होती. ती बाटली परळच्या प्रयोगशाळेतली, वाल्देमार हाफकिन यांच्या. हाफकिन यांनी निर्जंतुकीकरणाची रीत बदलून कार्बॉलिकऐवजी उष्णता वापरली होती, म्हणून चौकशी आयोगाने परळकडे बोट दाखवलं. हाफकिन यांचं पद गेलं. खरी गोष्ट अशी की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट तापवून न घेता कार्बॉलिकमध्ये नुसता बुडवून वापरला गेला. शिवाय परळमध्येच जंतू शिरले असते तर एवढ्या आठवड्यांत बाटलीला घाण वास सुटला असता, तो आला नव्हता. रोनाल्ड रॉस आणि इतर जंतुशास्त्रज्ञांनी 1907 मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून जाहीर बाजू घेतली तेव्हा हाफकिन यांच्यावरचा डाग पुसला गेला. एका पडलेल्या चिमट्याची गोष्ट ऐकून घ्यायला पाच वर्षं लागली, कारण चौकशी करणाऱ्यांना पुराव्याआधी उत्तर मिळालं होतं.

प्रयोगशाळेच्या कथेत एक सोय आहे. तिच्यात खलनायक असतो, तो परदेशी असतो, आणि उपाय त्याने करायचा असतो. बाजाराच्या कथेत उपाय आपल्या दारात येतो. देशातला पहिला बर्ड फ्लू 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापूरमधल्या कोंबड्यांच्या शेडमध्ये सापडला. 1957 मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडं मरून पडू लागली तेव्हा पुण्याच्या विषाणू केंद्राने शोधलेला माकडताप आज गोव्याच्या सत्तरीत आणि आपल्या दोडामार्गात पोहोचला आहे. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये निपाहच्या खुणा पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेने शोधल्या. जंगलाच्या कडेला काजूच्या बागा किती सरकवायच्या, कोंबड्या किती दाटीने पाळायच्या, हे प्रश्न बीजिंगला विचारता येत नाहीत.

तेव्हा बाजार खरा मानला म्हणून प्रयोगशाळा सुटल्या असं नाही. निपाह आणि माकडताप ओळखायला राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या पुण्यातल्या पाषाणच्या उच्च सुरक्षेच्या प्रयोगशाळेसारख्या जागा लागतातच. अशा जागा देशात वाढणार आहेत, वाढायला हव्यात. प्रश्न आहे तो तिथे चिमटा पडला तर त्याची नोंद कोण घेणार, आणि चौकशी कोण करणार हा. रेल्वेला हे उत्तर कधीच सापडलं आहे: अपघाताची चौकशी करणारा रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतो, तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. धोकादायक जंतू हाताळणाऱ्या प्रत्येक भारतीय प्रयोगशाळेसाठी असाच एक आयुक्त नेमावा, तो राष्ट्रीय विषाणू संस्था चालवणाऱ्या आयसीएमआरच्या बाहेरचा असावा आणि त्याचे अहवाल छापले जावेत, ही मागणी आपण आपल्या खासदाराकडे करायला हवी. वुहानचं दप्तर उघडणं आपल्या हातात नाही, पाषाणचं आहे.